कर्जाच्या टेबलावर विकलेला विमा

2006 साली इंग्लंडमधल्या एका महिलेने घर तारण ठेवून 34,000 पौंडांचं कर्ज घेतलं. वय 59, पती हयात नाही, कॉलेजात शिकवण्याची नोकरी. कर्ज पॅरागॉन पर्सनल फायनान्स या कंपनीचं आणि मुदत दहा वर्षांची. त्याच कागदांत आणखी 5,780 पौंडांची भर पडली. आजारपण, अपघात किंवा बेकारी ओढवली तर कर्जाचे हप्ते भरणाऱ्या विम्याची ती किंमत होती. ही रक्कम बाईंनी रोख दिली नाही. ती कर्जातच मिळवली गेली आणि पहिल्या दिवसापासून तिच्यावर व्याज सुरू झालं. विम्याचं संरक्षण मात्र पाचच वर्षांचं होतं.

या 5,780 पौंडांचं काय झालं ते पुढे खटल्यात उघड झालं. 1,870 पौंड कर्ज जुळवून देणाऱ्या दलालाकडे गेले, 2,280 पौंड पॅरागॉनने ठेवून घेतले आणि विमा कंपनीपर्यंत पोचले फक्त 1,630. शंभरातले जवळपास 72 पौंड विकणाऱ्यांचे, 28 विम्याचे. दलाली इतकी मोठी आहे हे त्या बाईंना कोणीही सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबर 2014 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. लॉर्ड समप्शन यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की दलाली एका मर्यादेपलीकडे गेली, तर ती लपवण्यामुळेच कर्जदार आणि कर्ज देणारी संस्था यांच्यातलं नातं अन्याय्य ठरतं. ती मर्यादा नेमकी कुठे आहे हे सांगणं अवघड असेल, पण 71.8 टक्के तिच्या बरेच पलीकडे आहेत. आधार होता 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्यातल्या 140 ए या कलमाचा.

या विम्याचं नाव पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. ब्रिटनमध्ये लहानथोर सगळे त्याला पीपीआय म्हणत. वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, गृहकर्ज, गाडीचं कर्ज, दुकानातून हप्त्यांवर घेतलेला सोफा, जिथे उधारी तिथे पीपीआय असायचाच. 1990 पासून 2010 पर्यंतच्या काळात प्रामुख्याने विकल्या गेलेल्या या पॉलिसींची संख्या 6 कोटी 40 लाखांपर्यंत जाते. जानेवारी 2011 पासून बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी ग्राहकांना परत केलेली रक्कम 38 अब्ज पौंडांच्या वर आहे. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकवर सरकारी तिजोरीतून सुमारे 9 अब्ज पौंड खर्च झाले होते. त्याच्या चौपटीहून मोठी रक्कम ग्राहकांना परत द्यावी लागली, तीही बहुतांशी छोट्याछोट्या चेकांच्या रूपात. एकट्या लॉइड्स बँकेचा भार जवळपास 22 अब्जांचा होता.

एवढा पैसा परत द्यावा लागला म्हणजे विमाच मुळात फसवा होता, असं वाटणं साहजिक आहे. तसं नव्हतं. कर्ज काढलेल्या माणसाची नोकरी गेली किंवा तो अंथरुणाला खिळला, तर वर्षभर हप्ते कोणीतरी भरावेत ही कल्पना चांगलीच आहे. काहींना या विम्याचा खरोखर आधारही मिळाला. घोटाळा झाला तो विमा कुठे, केव्हा आणि कोणाकडून विकला गेला यात. तो विकला गेला कर्जाच्या टेबलावर, कर्ज मंजूर होण्याच्या घटकेला आणि त्या कर्जाची चावी ज्याच्या हातात आहे त्याच माणसाकडून. पीपीआयच्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

त्या टेबलासमोर बसलेल्या माणसाची अवस्था बघा. त्याला पैसे हवे आहेत, बहुधा तातडीने. समोरचा कर्मचारी अर्ज भरतो आहे, मासिक हप्त्याचा आकडा सांगतो आहे. त्या आकड्यात विमा आधीच धरलेला असतो, किंवा छापील अर्जात विम्याच्या चौकोनात आधीच खूण केलेली असते. ‘हा घेतलात तर कर्ज लवकर मंजूर होईल’ असं कोणी स्पष्ट बोलतं, कोणी सूचित करतं. हा विमा दुसरीकडे स्वस्त मिळेल का, अशी चौकशी करायला त्या घटकेला कोणाला सवड असते? नाही म्हटलं तर कर्ज अडेल ही भीती पुरेशी असते. बाजारात अनेक विक्रेते असूनही या विम्यापुरती स्पर्धा उरत नव्हती, कारण ग्राहक त्या टेबलापाशी पोचला की विक्रेता एकच असायचा.

यात आणखी एक मेख होती. कर्जाच्या व्याजदरावर मात्र बँकांत जोरदार चढाओढ होती. जाहिरातीत कमी व्याजदर दाखवायचा आणि नफा विम्यातून काढायचा, अशी रीत पडली. मग एखाद्या बँकेने सचोटीने विमा न लादायचं ठरवलं, तर तिला व्याजदर वाढवावा लागला असता आणि जाहिरातीत ती महाग दिसली असती. वाईट वागणाऱ्याला बक्षीस आणि सरळ वागणाऱ्याला दंड, अशी बाजाराची घडी बसली होती. म्हणूनच ही चूक एखाददुसऱ्या शाखेची किंवा लोभी कर्मचाऱ्याची राहिली नाही, ती सगळ्या मोठ्या बँकांत सारखीच दिसली.

चुकीची विक्री म्हणजे नेमकं काय, हे तक्रारींतून हळूहळू स्पष्ट होत गेलं. काहींना विमा सक्तीचा आहे असं सांगितलं होतं. काहींना विमा घेतल्याचं माहीतच नव्हतं, वर्षांनी जुनी कागदपत्रं चाळताना ती तीन अक्षरं दिसली. बेकारीचा लाभ स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला बहुधा मिळत नसे, तरी त्याला तो विकला. निवृत्त माणसाची नोकरी जाण्याचा प्रश्नच नसतो, त्यालाही विकला. आधीपासून असलेला आजार पॉलिसीतून वगळलेला असायचा, पण आजार आहे का हे कोणी विचारलं नाही. पाठदुखी आणि मानसिक ताण ही कामावरून रजा घेण्याची अगदी नेहमीची कारणं, अनेक पॉलिसींत नेमकी तीच वगळलेली किंवा कडक अटींनी बांधलेली होती. लाभ मिळायचा तोही बहुतेक वेळा जास्तीत जास्त बारा महिने.

आणखी एक गट होता ज्यांना या विम्याची फारशी गरजच नव्हती. ज्यांच्या नोकरीतच आजारपणाचा भरपूर पगार मिळतो ती ही माणसं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, पाच वर्षांहून अधिक सेवा झालेल्याला आजारी पडल्यास सहा महिने पूर्ण आणि पुढचे सहा महिने अर्धा पगार मिळतो. महाराष्ट्रातून तिकडे गेलेले कितीतरी डॉक्टर आणि परिचारिका या सेवेत आहेत. अशा कर्मचाऱ्याने गाडीसाठी कर्ज घेतलं आणि त्याला आजारपणाचा विमा जोडला गेला, तर त्याच्या हाती फारसं नवं काही पडत नव्हतं. विकणाऱ्याने ‘तुमच्या नोकरीत आजारपणाची रजा कशी आहे?’ हा एक प्रश्न विचारायला हवा होता.

सर्वांत जाचक प्रकार एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीचा. उदाहरणासाठी साधे आकडे घेऊ. दहा हजार पौंडांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत, वर्षाला दहा टक्के व्याज. मासिक हप्ता सुमारे 212 पौंड. आता त्याला दोन हजारांचा विमा जोडला, म्हणजे कर्ज झालं बारा हजारांचं. हप्ता होतो सुमारे 255. महिन्याला साडेबेचाळीस पौंडांचा फरक फारसा डोळ्यांत भरत नाही, पण साठ महिन्यांत तो 2,550 होतो. विम्याची किंमत म्हणून कागदावर दोन हजार लिहिलेले असतात, माणूस भरतो अडीच हजारांवर. कर्ज मुदतीआधी फेडलं तर उरलेल्या काळाच्या विम्याचे पैसे प्रमाणात परत मिळत नसत, खूपच कमी मिळत. जुनं कर्ज फेडण्यासाठी त्याच बँकेकडून नवं, मोठं कर्ज काढलं, तर जुन्या विम्याची थकबाकी नव्या कर्जात मुरायची आणि वर नवा विमा चढायचा. असे तीन-चार थर साचलेली कर्जं होती. ती उलगडून कोणत्या थरात विम्याचा किती पैसा आहे हे काढणं हिशेबनिसालाही जड जायचं.

क्रेडिट कार्डावरची रीत वेगळी होती. तिथे दर महिन्याच्या शिल्लक देण्यावर, शंभर पौंडांमागे 70 ते 80 पेन्स असा विम्याचा आकार लागायचा. आकडा क्षुल्लक, पण वर्षानुवर्षं थकबाकी वाहणाऱ्या माणसाला तो मोठा पडायचा. शिवाय तोच आकार थकबाकीत मिसळून त्यावर कार्डाचं व्याज चढायचं. कधी त्यामुळेच मर्यादा ओलांडली जायची आणि दंड बसायचा.

या सगळ्याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तो सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने. लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या या संस्थेच्या केंद्रांत कर्जाने बेजार झालेली माणसं रोज यायची आणि त्यांच्या कागदांत हा विमा पुन्हा पुन्हा दिसायचा. ब्रिटनच्या कायद्यात ग्राहक संघटनांना संपूर्ण बाजाराविरुद्ध ‘महातक्रार’ करता येते. सप्टेंबर 2005 मध्ये त्यांनी ती केली. त्यानंतर व्यापारावर देखरेख करणाऱ्या खात्याने अभ्यास केला आणि फेब्रुवारी 2007 मध्ये प्रकरण स्पर्धा आयोगाकडे सोपवलं. दरम्यान, 2005 पासून विमा विक्रीवर नियंत्रण मिळालेली फायनान्शियल सर्व्हिसेस ऑथॉरिटी, म्हणजे एफएसए, एकेका कंपनीला दंड करू लागली. ऑक्टोबर 2008 मध्ये अलायन्स अँड लेस्टर या बँकेला झालेला 70 लाख पौंडांचा दंड त्यात मोठा होता. फोनवर कर्ज विकताना, ग्राहकाने विम्याबद्दल शंका काढली तर त्याच्यावर दबाव कसा आणायचा याचं प्रशिक्षण तिथल्या कर्मचाऱ्यांना दिलं जात होतं, असं चौकशीत निघालं. म्हणजे ग्राहक अगदीच गाफील नव्हते. त्यांनी प्रश्न विचारले होते, आणि त्या प्रश्नांना परतवून लावण्याची तालीम पलीकडच्याने आधीच करून ठेवली होती.

जानेवारी 2009 मध्ये स्पर्धा आयोगाने आपला निर्णय दिला आणि मला तो या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. कर्ज देतानाच विमा विकायचा नाही. कर्जाचा व्यवहार होऊन सात दिवस जाऊ द्यायचे, मगच त्या संस्थेने ग्राहकाकडे विम्यासाठी जायचं. एकरकमी हप्त्याच्या पॉलिसी बंद. इतकंच केलं की टेबलावरची ती घटका निघून जाते. माणूस घरी जातो, कर्ज हातात असतं, आता त्याला हा विमा हवा आहे का हे तो शांतपणे ठरवू शकतो. बार्कलेजने या बंदीला न्यायाधिकरणात आव्हान दिलं, आयोगाला फेरविचार करावा लागला, तरी ऑक्टोबर 2010 मध्ये त्याने तोच निर्णय कायम ठेवला.

पुढची विक्री थांबवणं हा एक भाग झाला. आधी विकलेल्या कोट्यवधी पॉलिसींचं काय? ऑगस्ट 2010 मध्ये एफएसएने तक्रारी कशा हाताळायच्या याचे नवे नियम आणले. त्यात दोन गोष्टी कळीच्या होत्या. विक्रीत गंभीर दोष होता असं दिसलं, तर योग्य माहिती मिळाली असती तर ग्राहकाने हा विमा घेतलाच नसता, असं सर्वसाधारणपणे गृहीत धरायचं. आणि एकाच तऱ्हेच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येत असतील, तर संस्थेने त्यामागचं मूळ कारण शोधायचं आणि ज्यांनी तक्रार केलेली नाही अशा ग्राहकांचाही विचार करायचा. नेमकं हेच बँकांना झोंबलं. ब्रिटिश बँकर्स असोसिएशन न्यायालयात गेली. ‘ग्राहकाशी न्यायाने वागा’ हे एफएसएचं सर्वसाधारण तत्त्व आहे, पण विक्रीच्या वेळी जे तपशीलवार नियम होते ते आम्ही पाळले असतील, तर त्यापलीकडे जाऊन आता तत्त्वाच्या आधारे आम्हाला दोषी धरता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

20 एप्रिल 2011 रोजी न्यायमूर्ती उस्ली यांनी तो फेटाळला. तत्त्व हा सगळ्या नियमांचा पाया आहे, नियमांनी ते झाकलं जात नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय. दोनच आठवड्यांत, 5 मे रोजी, लॉइड्सने एकटीने माघार घेतली आणि भरपाईसाठी 3.2 अब्ज पौंड बाजूला काढल्याचं जाहीर केलं. 9 मे रोजी संघटनेनेही अपील न करण्याचं ठरवलं. त्या काळात 3.2 अब्जांचा आकडा डोळे विस्फारायला लावणारा होता. पुढे त्याच बँकेला त्याच्या जवळपास सातपट पैसे मोजावे लागले.

पैसे परत मागण्याची पद्धत सोपी ठेवलेली होती, आणि हे मुद्दाम सांगायला हवं. वकील लागत नव्हता, न्यायालयाची पायरी चढावी लागत नव्हती. आधी बँकेला लिहायचं. कर्ज कधी घेतलं, विमा कसा विकला गेला, तेव्हा नोकरी आणि तब्येत काय होती, हे प्रश्नावलीत भरायचं. बँकेला आठ आठवड्यांत उत्तर देणं बंधनकारक. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे आर्थिक व्यवहारांच्या लोकपालाकडे, जायचं. ग्राहकाला ही सेवा फुकट, तिचा खर्च संस्थांकडून वसूल व्हायचा. जुने कागद हरवले असतील तरी दार बंद होत नव्हतं. लोकपाल दोन्ही बाजूंचे तुकडे जुळवून, नेमकं काय घडलं असण्याचा संभव जास्त आहे हे ठरवायचे. 2013-14 या एका वर्षात त्यांच्याकडे पीपीआयच्या जवळपास 4 लाख नव्या तक्रारी आल्या.

भरपाईचा हिशेब न्याय्य होता. विमा घेतलाच नसता तर माणूस आज जिथे असता तिथे त्याला आणून ठेवायचं, हे सूत्र. वरच्या उदाहरणातलं कर्ज 2003 च्या सुरुवातीपासून 2007 अखेरपर्यंत चाललं आणि भरपाई 2013 च्या मध्यावर मिळाली असं धरू. विम्यापोटी जास्तीचे भरलेले 2,550 पौंड परत. शिवाय प्रत्येक हप्ता भरल्याच्या दिवसापासून वर्षाला आठ टक्के सरळव्याज, कारण तेवढा काळ ते पैसे त्याला वापरता आले नाहीत. सरासरी आठ वर्षं धरली तर व्याज सुमारे 1,630 होतं. या व्याजातून वीस टक्के प्राप्तिकर कापला जायचा. हाती सुमारे 3,850 पौंड यायचे. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र महिन्यामागून महिना सगळं खातं विम्याशिवाय नव्याने मांडून बघावं लागे.

या सोप्या वाटेवरही खाचखळगे निघालेच. काही बँकांनी ‘एकरकमी विमा चुकीचा होता हे मान्य, पण तुम्ही मासिक हप्त्याचा स्वस्त विमा घेतलाच असता’ असं गृहीत धरून त्याची किंमत भरपाईतून वजा केली. नियमांत याला जागा होती, तिचा वापर मात्र सढळ हाताने झाला. लॉइड्सचं प्रकरण तर जास्त गंभीर. मार्च 2012 ते मे 2013 या काळात तिने सुमारे 23 लाख तक्रारी तपासल्या आणि त्यातल्या 37 टक्के नाकारल्या. तक्रारी तपासणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की, वेगळं काही कळवलेलं नसेल तर आपली विक्रीची पद्धत नियमांना धरून आणि भक्कम होती असं समजून चला. म्हणजे ज्याची चौकशी करायची तेच आधी निर्दोष मानून घ्यायचं. जून 2015 मध्ये एफएसएच्या जागी आलेल्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने, म्हणजे एफसीएने, यासाठी लॉइड्सला 11 कोटी 70 लाख पौंडांचा दंड केला.

दुसरा खड्डा बँकांबाहेरचा होता. ‘तुम्हाला पीपीआय विकला गेला होता का?’ असे फोन आणि एसएमएस त्या काळात ब्रिटनमधल्या प्रत्येकाने सोसले. ते करणाऱ्या, दावे चालवून देणाऱ्या कंपन्या अर्ज भरून द्यायच्या आणि मिळालेल्या भरपाईचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त घ्यायच्या. जो अर्ज ग्राहक स्वतः फुकट करू शकत होता, त्यासाठी. यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. कागदाला घाबरणाऱ्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या किंवा हक्क आहे हेच माहीत नसलेल्या कितीतरी जणांना त्यांच्यामुळे जाग आली. पण आधी बँकेने लुबाडलेल्या माणसाच्या भरपाईतही वाटेकरी निघावा, हे मनाला लागतं. जुलै 2018 पासून पीपीआयच्या दाव्यांसाठी त्यांच्या शुल्कावर वीस टक्के अधिक व्हॅट अशी मर्यादा आली, तेव्हा बहुतेक दावे होऊन गेले होते.

पॅरागॉनच्या निकालाने या कथेला नवं वळण दिलं होतं. विक्री नीट झाली असली, तरी निम्म्याहून अधिक दलाली लपवली असेल, तर पन्नास टक्क्यांवरची दलाली व्याजासह परत करायची, असा नियम एफसीएने केला. तो लागू झाला ऑगस्ट 2017 मध्ये. तोपर्यंत तक्रार करण्याची शेवटची तारीखही जाहीर झाली होती, 29 ऑगस्ट 2019. ती सर्वांना कळावी म्हणून 18 संस्थांकडून 4 कोटी 22 लाख पौंड घेऊन मोहीम चालवली गेली आणि जाहिरातीत अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचं यांत्रिक मुंडकं लोकांना ‘आत्ताच करा’ म्हणून ओरडत सुटलं. शेवटच्या आठवड्यांत बँकांकडे चौकशांचा पूर लोटला.

त्या तारखेनंतर लोकपालाची वाट साधारणपणे बंद झाली. न्यायालयाची वाट काही प्रमाणात उघडी राहिली. नोव्हेंबर 2023 मध्ये कॅनडा स्क्वेअर या कंपनीविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, दलाली जाणूनबुजून लपवली असेल तर मुदतीच्या कायद्याचं घड्याळ ती उघड होईपर्यंत, किंवा ग्राहकाला ती योग्य तपास करून कळू शकली असती तोपर्यंत, सुरूच होत नाही. आणि ऑगस्ट 2025 मध्ये याच न्यायालयात गाड्यांच्या कर्जांवरच्या दलालीचे खटले आले. तीनपैकी एका प्रकरणात, जिथे कर्जाच्या एकूण खर्चाच्या 55 टक्के गाडी विक्रेत्याच्या दलालीत गेले होते, तिथे ग्राहकाच्या बाजूने निकाल लागला. आधार पुन्हा तेच 140 ए कलम.

आपल्याकडे ही गोष्ट फार दूरची नाही. गृहकर्ज घेताना जोडला जाणारा, कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा एकरकमी हप्त्याचा विमा पुण्या-मुंबईपासून लातूर-जळगावपर्यंत विकला जातो. बऱ्याचदा त्याची किंमत कर्जातच घातली जाते, म्हणजे वीस वर्षं तिच्यावर व्याज चालतं. बँक इथेही विमा कंपनीची प्रतिनिधी असते आणि तिला कमिशन मिळतं. जोखीम खरी आहे आणि घर कर्जात असताना विमा असणं बरं. पण तेवढ्याच रकमेचा मुदत विमा स्वतंत्रपणे, वर्षाच्या हप्त्यावर घेतला तर किती पडतो, ही तुलना टेबलावर बसून होत नाही. कर्ज देण्यासाठी विशिष्ट कंपनीचा विमा घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही. ‘शाखेत असंच सांगितलं’ हे वाक्य तरीही घरोघरी ऐकायला मिळतं.

आपल्या हाती असलेली साधनं वापरायला हवीत. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्जदाराला मुख्य तथ्यांचं एक पत्रक द्यावं लागतं. त्यात वार्षिक दराचा जो आकडा असतो, त्यात बँकेने दुसऱ्यासाठी वसूल केलेला विम्याचा पैसाही धरावा लागतो. सही करण्याआधी विम्यासकट आणि विम्याशिवाय असे दोन्ही आकडे मागून घ्यावेत. आयुर्विम्याची पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करून, किरकोळ वजावट सोडता, पैसे मागता येतात. या 30 दिवसांत पॉलिसी वाचून काढणं फार मोलाचं. तक्रार करायची झाली तर आधी विमा कंपनीकडे लेखी. महिन्याभरात उत्तर नाही किंवा ते समाधानकारक नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. मुंबई परिसर सोडता उर्वरित महाराष्ट्रासाठी पुण्यात कार्यालय आहे. बँकेच्या वागण्याबद्दल असेल, तर बँकेच्या उत्तरासाठी 30 दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. या सगळ्यासाठी कर्जमंजुरीचं पत्र, पत्रक, विम्याचा अर्ज आणि शाखेशी झालेला ईमेल-व्हॉट्सॲप व्यवहार जपून ठेवावा. ‘विमा घ्यावाच लागेल’ असं कोणी तोंडी सांगितलं, तर त्याच दिवशी ते ईमेलने लिहून शाखेकडून खात्री मागावी.